गोजराचं काम

फार फार वर्षांपूर्वी, बैलगाड्यांच्या मोठ्या वाटेवर वसलेल्या एका गावात भिवरा नावाची बुरडीण राहत होती. नवरा-बायको दोघंच. नवरा रानातून बांबू तोडून आणायचा आणि भिवरा त्याच्या कामट्या काढून सुपं, दुरड्या, टोपल्या विणायची. तिच्या टोपलीला नाव ठेवायला जागा नसे. बोटं मात्र कायम चिरलेली, आणि दिवेलागणीला पाठ अशी धरायची की सरळ उभं राहायला भिंतीचा आधार घ्यावा लागे.

मधे एक कामट्यांचा कूड, आणि कुडापलीकडे गोजराचं घर. गोजराचा नवरा झाडावरून पडला आणि त्याची कंबर गेली. तेव्हापासून तो खाटेवर आणि गोजरा त्याच्या उशापायथ्याशी. घर सोडून तिला कुठं जाता येत नव्हतं.

अशात दूरच्या पेठेतल्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं नवीच रीत काढली. कुठल्या गावात कुठला माल खपेल हे आधी लोकांनाच विचारायचं आणि मगच गाडी भरायची. त्यासाठी त्यानं आपला एक माणूस गावोगाव धाडला. वाटेवरची सावलीची जागा म्हणून तो गोजराच्या ओसरीवर बसायचा, येईल त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तरांचे रोख पैसे द्यायचा. ज्याला त्याला पुसत फिरतो म्हणून गावानं त्याचं नाव पुसणीस ठेवलं. सगळ्यांत जास्त उत्तरं अर्थातच गोजरा द्यायची, कारण ती सदा घरातच.

भिवरा कुडाआडून सारं ऐकायची. लुगड्याचा काठ रुंद आवडतो की बारीक? तेलाला वास असावा की नसावा? असले प्रश्न, आणि त्याचे पैसे. इकडे आपण बोटं रक्ताळून घ्यायची आणि तिकडे ही पंख्यानं वारा घेत दोन वाक्यं बोलणार. गोजराच्या दारात नवी तांब्याची घागर आली, त्या दिवशी भिवरानं एकच सूप तीनदा उसवलं.

पाणवठ्यावर ती म्हणू लागली की तोंड चालवण्याला कोणी काम म्हणतं का. काम म्हणजे घाम. बायका हसायच्या, कुणी मान डोलवायच्या. तिला मात्र तेवढ्यानं बरं वाटेना. एकदा नवऱ्यापाशी हाच विषय काढला तर तो सहज बोलून गेला, "आपण टोपल्या विकतो, ती आपलं मत विकते. गिऱ्हाईक आहे म्हणजे धंदा आहे." त्या रात्री भिवरानं त्याला भाकरी वाढली, पण शब्द वाढला नाही.

खरं तर गोजराही सुखासुखी पैसे घेत नव्हती. पुसणीसानं रंगवलेलं कापड दिलं तर ती ते धुऊन, उन्हात टाकून, पुन्हा धुऊन बघायची आणि मगच बोलायची. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर सरळ सांगायची, "हे मला माहीत नाही, दादा." त्या प्रश्नाचे पैसे मग बुडायचे. भिवराला हे दिसत होतं. पण जळत्या डोळ्यांना दिसलेलं निराळंच वाटतं. तिला वाटलं, बाई मूर्ख आहे. काहीतरी ठोकून द्यायचं, कोण बघायला येतंय.

शेवटी राहवेना म्हणून एक दिवस तीही ओसरीवर जाऊन बसली. पुसणीसानं पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, घरात लहान मूल आहे?"

भिवरा नाही म्हणाली. तो अदबीनं म्हणाला की आजचे प्रश्न लेकुरवाळ्या बायकांसाठी आहेत, पुन्हा कधीतरी या. गोजरानं आतून पाणी आणून दिलं. त्या पाण्यात भिवराला कीव दिसली आणि ती न पिताच उठली.

पुढच्या खेपेला पुसणीसाला दुभती जनावरं असलेली माणसं हवी होती. भिवराच्या दारात शेळीसुद्धा नव्हती. तेव्हाही ती तशीच परतली, आणि तिच्यामागे गोजराच्या हातावर पैसे वाजल्याचा आवाज कुडातून आला. गोजराकडंही जनावर नव्हतं, पण तिला तेलाचं विचारायचं बाकी होतं.

तिसऱ्या खेपेला भिवरा घरूनच ठरवून निघाली. गोजरा आत नवऱ्याला भरवत होती. पुसणीसानं जनावरांचं विचारलं तेव्हा भिवरा म्हणाली, आहेत की, चार म्हशी. आणि आमच्या एकट्याकडंच कशाला, आमच्या आळीत दारोदार आहेत, पेंडीवाचून नुसते हाल चाललेत. पुसणीस लिहीत गेला. मग मुलांचं निघालं. भिवरानं दोन मुलं सांगितली. थोरल्याला गूळ आवडतो, धाकटीला भाताची पेज लागते, पण वर तूप नसलं तर ती रुसते. हे सांगताना तिचा आवाज मऊ झाला. तिला स्वतःलाही कळलं नाही की ती इतका वेळ बोलत बसली.

पैसे कनवटीला लावून ती घरी आली आणि मनाशी म्हणाली, बघा, हे का काम? पण त्यानंतर, गोजरा आत गुंतलेली बघून, तिचं जाणं सुरूच राहिलं. जो जो हवा असेल तो ती व्हायची, कधी विणकराची सून, कधी बागाईतदारीण. अंगणात बांबू वाळून तडकू लागले.

तिकडं पेठेतल्या व्यापाऱ्यानं हिशोब बांधला की या गावात म्हशीच म्हशी आहेत. त्यानं सरकीच्या पेंडीच्या गाड्यांवर गाड्या पाठवल्या. गावात मोजून चार घरी जनावरं. पेंड पडून राहिली, पावसाळी हवेनं तिला बुरशी धरली आणि सारा ठपका पुसणीसावर आला.

उतरलेल्या चेहऱ्यानं तो ओसरीवर आला. भिवरा कुडाआड दुरडी विणत होती. तिचे हात थांबले.

पुसणीसानं गोजराला विचारलं की म्हशींचं खोटं कोणी सांगितलं. तो परगावचा, त्यानं शेकडो तोंडं पाहिलेली, त्याला चेहरा आठवेना; पण गोजरा तर त्या वेळी घरातच होती.

गोजरानं एकदा कुडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी ऐकलं होतं, दादा. तेव्हाच बाहेर येऊन अडवायला हवं होतं. पण ती मुलांचं सांगत होती. नसलेल्या मुलांना काय आवडतं ते इतक्या मायेनं सांगत होती, की माझा पाय उचलला नाही. चूक माझी धरा. नाव मी घेणार नाही."

पुसणीस म्हणाला की मग या ओसरीवर बसून त्याला भागायचं नाही. जिथं खोटं ऐकून घेतात तिथल्या खऱ्यावर तरी पेठेतला सेठ विश्वास कसा ठेवील?

भिवराला उठायचं होतं. चार पावलं चालून 'ती मी' म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी मनात एक गोड कळ उठली, की आता हिचंही बंद. आता दोघी सारख्या. आणि ती उठली नाही. पुसणीसाची गाडी वाटेला लागेपर्यंत तिनं दुरडीवरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोजरा पहाटेच लोकांच्या शेतावर जाऊ लागली. भिवराला वाटलं होतं, आता जीव थंड होईल. पण कुडापलीकडं आता कोणी बोलतच नव्हतं, त्यामुळं जळायलाही काही उरलं नाही. उरला तो खाटेवर एकट्या पडलेल्या माणसाचा खोकला. एका दुपारी तो खोकला थांबेना, म्हणून ती पाणी घेऊन गेली. त्याचे ओठ सुकून गेले होते.

"हाक का मारली नाहीत?" तिनं विचारलं.

"गोजरा सांगून गेली होती, लागलं तर वहिनीला हाक मारा म्हणून," तो म्हणाला. "पण तुमच्या हाताला काम असतं. ते मोडायचं कसं?"

भिवरा घरी आली ती बसलीच नाही. नवऱ्याला सारं सांगितलं आणि पायात वहाणा घालून बाजाराच्या गावी निघाली. पुसणीस तिथं धर्मशाळेत उतरला होता. तिनं सांगितलं की म्हशी तिच्या, मुलं तिची, सगळं खोटं तिचं. गोजराचा दोष नाही. आणि रडवेल्या रागानं म्हणाली, "मला वाटलं, हे कुठं काम आहे? नुसतं बोलणं तर आहे."

पुसणीस चिडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही टोपलीत कधी किडकी कामटी घातलीत?"

"कधीच नाही. घेणाऱ्याचं धान्य सांडेल."

"का घातली नाहीत?"

"ते माझं काम आहे."

"गोजराबाईही असंच समजत होत्या," तो म्हणाला. "तुम्ही त्याला काम मानलं नाहीत, म्हणून किडकी कामटी घातलीत. सांडलं मात्र आम्हा सगळ्यांचं."



पुसणीसानं ही हकीकत सेठच्या कानावर घातली. सेठ मानायला तयार नव्हता. दिवाळी होऊन गेली तेव्हा कुठं पुसणीसाला पुन्हा गोजराच्या ओसरीवर बसायची परवानगी मिळाली. तोवर गोजराच्या हातांना विळ्याचे घट्टे पडले होते आणि तांब्याची घागर विकली गेली होती. भिवरा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली तेव्हा गोजरा म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं गं. तू येशील म्हणून वाट बघत होते. फार उशीर लावलास."

भिवराला मात्र पुढं कधीच कोणी मत विचारलं नाही. गोष्ट पंचक्रोशीत पसरली. ज्या बाजारात तिची टोपली न बघता उचलायचे, तिथं आता गिऱ्हाईक टोपली उपडी करून, उजेडाला धरून पाहू लागलं. ती रागावली नाही. स्वतःच टोपली उलटी करून समोर धरायची.

हेवा पुरता गेला का? नाही. ओसरीवर पैसे वाजले की तिचा हात अजूनही क्षणभर थांबे. मग ती पुढची कामटी उचली, वाकवून बघे, आणि चांगली असली तरच विणायला घेई.

मुलांनो, तात्पर्य काय? काम हातानं केलं की तोंडानं, यावर ते खरं-खोटं ठरत नाही; त्यात आपण किती खरेपणा घातला यावर ठरतं. आणि हेव्यापोटी जो दुसऱ्याचं काम हलकं ठरवायला जातो, तो आधी स्वतःच हलका होतो.