मळका स्पंज

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपला दवाखाना शिष्येच्या स्वाधीन केला. शिष्येचे नाव इरावती. हुशार, कष्टाळू, आणि आपल्या हातून काही चुकू नये याची तिला फार काळजी. बाहेर ताटकळणाऱ्या रुग्णांच्या मनाला विसावा मिळावा म्हणून तिने तिथे काचेची मोठी टाकी आणली, शुभ्र वाळू पसरली, नळाचे स्वच्छ पाणी भरले आणि त्याच दिवशी सहा सोनेरी मासे सोडले.

चार-पाच दिवस मोठी शोभा आली. मग एक मासा तळाशी जाऊन बसला. दुसऱ्याची शेपटी कडेने झिजू लागली. बाकीचे पाण्यावर येऊन तोंड वासू लागले. इरावती पडली वैद्य. ती स्वस्थ कशी बसणार? तिने दुकानातून निळे औषध आणून पाण्यात सोडले. गुण येईना, तेव्हा पिवळे आणले. रोज टाकी घासायची, फिल्टरमधला स्पंज पांढरा होईपर्यंत नळाखाली पिळायचा, असा क्रम तिने धरला. माशांच्या अंगात शक्ती यावी म्हणून दाणेही दुप्पट टाकले.

आठवड्यात तीन मासे गेले. तिसरा ती बाहेर काढत होती, तेव्हा बाकावरच्या एक आजी सहज म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुमच्याकडचे मासेसुद्धा आजारीच का हो?"

इरावतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती गुरुजींकडे गेली. "गुरुजी, आता कोणते औषध राहिले तेवढे सांगा."

गुरुजी टाकीपाशी आले. बोट बुडवून त्यांनी पाण्याचा वास घेतला. "आज काही घालू नकोस. दाणेही नकोत," म्हणाले, आणि एक स्टीलचा डबा घेऊन बाहेर पडले.

समोरच्या घड्याळजींकडे आठ वर्षांपासून एकच टाकी होती आणि तिच्यातले मासे खुशाल होते. गुरुजी तिथून परतले तेव्हा डब्यात थोडे पाणी होते आणि त्यात एक तपकिरी, बुळबुळीत स्पंज. तो स्पंज ते इरावतीच्या फिल्टरमध्ये बसवू लागले.

तिने त्यांचा हात धरला. "अहो गुरुजी, हे काय? मी इथे धुळीचा कण राहू देत नाही, आणि तुम्ही ही घाण आणून घालताय!"

गुरुजींनी स्पंज नीट बसवला आणि मग म्हणाले, "इरा, मासे जे उत्सर्जन करतात त्याचे पाण्यात विष होते. जुन्या टाकीत ते विष पचवणारे सूक्ष्म जीव वस्तीला असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्याला दिसतो तो हा मळ. तुझ्या टाकीत ते नुकते रुजू पाहत होते. काहींना तू रोज नळाखाली धुऊन काढलेस, काहींना औषधाने मारलेस. पोरी, तुझे पाणी स्वच्छ होते, पण तान्हे होते. मासे त्या पाण्याने आजारी पडले आणि तू उपचार करत राहिलीस माशांवर."

इरावतीने त्या तपकिरी स्पंजाकडे एकवार पाहिले. मग म्हणाली, "आता मी काय करू?"

"रोज चौथा हिस्सा पाणी बदल, तेही रात्रभर साठवून ठेवलेले. दाणे चिमूटभर. बाकी वाट पाहा."

"नुसती वाट पाहायची?"

"पाहून बघ. मला उभ्या आयुष्यात तेच सगळ्यांत जड गेले."

तिसऱ्या दिवशी चौथा मासा गेला. इरावतीने निळ्या बाटलीचे झाकण उघडले, क्षणभर हातात धरले, आणि पुन्हा लावून टाकले. पुढच्या तीन आठवड्यांत काचेवर फिकट हिरवी झाक चढली. झिजलेल्या शेपटीला काठाने नवी, पारदर्शक कड फुटली. दुसरा वाचलेला मासा थोडा तिरपा पोहायचा. तो तसाच राहिला.

त्यानंतर एका सकाळी पोस्टात काम करणारे एक गृहस्थ आले. गोळ्यांनी भरलेली पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. "चार महिने झोप नाही. यातले काही लागू पडत नाही. तुम्ही तरी काहीतरी जालीम लिहून द्या."

इरावतीने कागद पुढे ओढला. मग लेखणी खाली ठेवली.

"आधी निवांत बसा. राहता कुठे, जेवता केव्हा, सगळं सांगा मला."

ते सांगत गेले, ती ऐकत गेली. त्यांच्या नव्या खोलीच्या खालीच पिठाची गिरणी होती आणि ती पहाटे चारला सुरू होई. चार महिन्यांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते.