काळोखाला टेकलेले बुवा

“मी कशाला टेकलोय?” मुकुंदबुवांनी विचारले.

ई-रीडर त्यांच्या हातात होता. यंत्र बंद केले की पडद्यावर जे चित्र उमटून राहते, ते विशाखाने सकाळभर खपून कृष्णधवल करून घेतले होते. नजर मंदावलेल्या वृद्ध साधकांना मोठ्या अक्षरांत वाचता यावे, म्हणून कृष्णाकाठच्या त्या मठात ही यंत्रे आली होती. वाचन संपल्यावर समोर बुवा दिसावेत, एवढाच साधकांचा हट्ट होता. संध्याकाळी यंत्रे वाटायची होती.

बुवांनी उभ्या आयुष्यात एकच छायाचित्र काढू दिले होते. घाटाच्या पायऱ्यांवर तिघे: मध्ये बुवा, डावीकडे विशाखा, उजवीकडे त्यांचा दुसरा शिष्य श्रीरंग.

श्रीरंगाच्या जागी आता निखळ काळे होते.

“कशालाच नाही,” विशाखा म्हणाली. “ती पार्श्वभूमी आहे.”

बुवांनी त्या काळ्या जागेवर बोट ठेवले.

त्या बोटानेच तिचा संयम सुटला. बुवांची प्रवचने वर्षानुवर्षे तिने टिपून घेतली होती, शब्द न् शब्द पारखला होता. श्रीरंगाने ती स्वतःच्या नावावर छापली आणि निम्मे साधक घेऊन नदीपलीकडे वेगळी गादी मांडली. बुवांनी त्याला जाब तर विचारला नाहीच. उलट पंगतीत त्याचा पाट अजून मांडला जातो, आणि तो रिकामा पाट तिला रोज ओलांडून जावे लागते. हे सगळे तिने आवाज न चढवता, एकेक शब्द तोडून सांगितले.

“त्याचा चेहरा या पडद्यावर येणार असेल, तर मी आजच मठ सोडते.”

“चेहऱ्याचं मी विचारत नाही,” बुवा म्हणाले. “मी पडतोय, त्याचं विचारतोय.”

ती वाकून पाहू लागली.

छायाचित्र काढले, त्या दिवशी बुवांचा गुडघा सुजला होता. अंगाचा सगळा भार त्यांनी श्रीरंगाच्या खांद्यावर टाकला होता. खांदा पुसला गेला होता. भार तसाच राहिला होता. चित्रातले बुवा काळोखाला रेलून, आता कोसळतील अशा बेतात उभे होते.

एवढ्या करड्या छटा जुळवताना हे आपल्या नजरेतून सुटले, याचा तिला अधिकच संताप आला.

बुवांना एकट्यांनाच कापून सरळ करणे सोपे होते. पण मग चित्रातून तीही गेली असती.

तिने लॅपटॉप ओढला. अख्खे चित्र थोडे फिरवले, उघडे पडलेले कोपरे छाटले, आणि ते पुन्हा यंत्रावर चढवले. पडदा क्षणभर काळा झाला, मग चित्र स्थिरावले.

बुवा ताठ उभे होते.

पायऱ्या मात्र एका अंगाला घसरल्या होत्या. मागची नदी चढावर वाहत होती. आणि मूळ छायाचित्रात अगदी सरळ उभी असलेली विशाखा बुवांपासून दूर, चौकटीबाहेर कलली होती.

तिचा राग उतरला नव्हता. तो कुणावर काढावा, एवढेच आता कळत नव्हते.

“पुन्हा करते,” ती म्हणाली.

“त्याला ठेवून?”



“नाही.”

बुवांनी यंत्र चालू केले. बंद केले. चित्राकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले आणि यंत्र तिच्या हातात दिले.

“मग हेच राहू दे. कुणी विचारलंच, तर सांग, घाट बांधणाऱ्या गवंड्याचं चुकलं.”