उजागरेसाहेबांसाठी थांबणारी घंटा

उजागरेसाहेबांच्या मोटारीचा भोंगा मी तरुणपणी दर रविवारी ऐकला. साहेब साखर कारखान्याचे मोठे अधिकारी. आमच्या चर्चची घंटा त्यांनीच दिलेली, म्हणून त्यांची मोटार आल्याशिवाय उपासनेची शेवटची घंटा होत नसे. सगळी मंडळी ताटकळत बसायची.

एका रविवारी शांतवनमामांनी वेळ होताच घंटा वाजवली. घंटा वाजवणं हेच त्यांचं काम, आणि राहायला चर्चमागची एक खोली. साहेब आले ते तापूनच.

"शांतवन, मी यायच्या आत घंटा? कारखान्यात पाहुणे होते माझे! यापुढं थांबायचं, नाहीतर खोली खाली कर."

मामांच्या हातात दोर तसाच होता. ते हळूच म्हणाले, "थांबतो की, साहेब. पण कुणी वारलं की तीही घंटा मीच देतो. तुम्हाला बोलावणं येईल त्या दिवशीही पाहुणे असतील. तेव्हा प्रभू थांबणार आहे का, एवढं त्याला विचारून या. तो हो म्हणाला, तर मीही दर रविवारी थांबेन."

आत पहिलं गीत सुरू झालं होतं. साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली आणि ते उपासनेला आत गेले.