अस्वलाच्या सहीतली फट

फार पूर्वी, प्राण्यांना लिहिता येत होतं त्या काळची ही गोष्ट. हसू नका. सागाचं पान, साळिंदराचा काटा आणि जांभळाचा रस, एवढ्यावर अख्ख्या जंगलाचा कारभार चालायचा.

त्या जंगलाचा राजा वाघ. इतका संशयी, की तळ्यावर गेला तरी आधी पाण्यातल्या वाघाला दरडावायचा, "तू कोण रे? कुणी पाठवलं तुला?"

एके दिवशी त्याचा प्रधान, म्हणजे तरस, धावत आला. "सरकार, घात झाला! हे पान वाटेत सापडलं."

पानावर पलीकडच्या जंगलातल्या सिंहाला निरोप होता : 'खुशाल या, घाट मोकळा सोडतो.' खाली सही : 'घाटराखा अस्वल'.

अस्वलाला धरून आणलं. पान पाहून ते चक्रावलं. "अक्षर तर माझंच दिसतंय, सरकार. पण हे मी लिहिलेलं नाही."

"ऐका!" प्रधान खिदळला. "अक्षर याचं, आणि लिहिलं म्हणे दुसऱ्यानंच!"

"दिवस मावळायच्या आत याला कड्यावरून लोटा," वाघ गुरगुरला.

दरबारात लेखी पानं पारखायला एक म्हातारं मुंगूस होतं. संशयात ते वाघाचेही आजोबा. ते म्हणालं, "लोटा की, सरकार. पण आधी याची जुनी पानं दाखवा."

जुनी पानं प्रधानाच्या गुहेत असत. तिथं दुसऱ्या कुणाला पाऊल टाकायची मुभा नव्हती. प्रधानानं ती ऐटीत आणून टाकली.

मुंगसानं एकेक पान हुंगलं, उजेडात धरलं आणि एकापाशी ते थबकलं. "अस्वला, या सहीत 'घाट' आणि 'राखा'च्या मध्ये एवढी फट कशी रे?"

"तिथं अळीनं भोक पाडलंय ना, आजोबा. भोकावर लिहू कसा? ओलांडून पुढे गेलो."

"बाकीच्या सह्यांत फट नाही."

"बाकीची पानं धड होती."

मुंगसानं सापडलेलं पान वाघाच्या नाकाशी नेलं. "सरकार, हेही पान धड आहे. शोधा भोक, सापडतंय का! पण सहीत फट आहे. तिथंच आणि तेवढीच. भोक नसताना अस्वल उडी कशाला मारेल? कुणीतरी ते जुनं पान समोर ठेवून सही उतरवली, आणि शहाण्यानं अक्षराबरोबर भोकसुद्धा उतरवलं!"

सगळा दरबार प्रधानाकडे वळला. आता तो हसेना. घाटराख्याची जागा आपल्या मेव्हण्याला मिळावी म्हणून हा उपद्व्याप केला, हे त्यानं कड्याच्या टोकावर उभं केल्यावर कबूल केलं. त्याला मेव्हण्यासकट जंगलाबाहेर हाकललं.

वाघ ओशाळला. "जा अस्वला, घाट सांभाळ."

"सांभाळतो, सरकार. पण यापुढे लिहून काही पाठवणार नाही. खबर हवी असेल तर वर या आणि माझ्या तोंडून ऐका."

तेव्हापासून महाराजांना घाटाची खबर हवी असली, की स्वतः चढून जावं लागतं. इतर प्राण्यांनीही लिहिणं सोडलं ते सोडलंच.

संशय घ्यायचाच असेल, तर माणसावर घेण्याआधी त्याच्याविरुद्ध पुढे केलेल्या कागदावर घ्यावा.