पाटी दाखवली तर

"पाटी दाखवली तर थांबायचं की नाही? एवढंच सांगा, माएस्त्रो."

ओरेस्ते तासिनारी टेबलापाशी उभा राहून शेंगा सोलत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"गाडी कुठे लावलीस?"

"फाटकाबाहेर."

"सावलीत?"

"माएस्त्रो, मी काय विचारतोय..."

"ऐकलं. बहिरा झालेलो नाही अजून. बस."

अंजिराच्या झाडाखाली वेताची खुर्ची होती. दारिओनं तिच्यात अंग टाकलं आणि पाय लांब केले. पाठीमागून खांद्याला काहीतरी टोचलं. त्यानं ते न बघताच बाजूला सारलं.

दारिओ सव्वीस वर्षांचा, फाएन्झा गावच्या न्हाव्याचा मुलगा. दोन हंगाम तो एका मोठ्या संघाकडून मोटारशर्यतींत उतरत होता. उद्याच्या शर्यतीच्या सरावात सगळ्यांत वेगवान तोच ठरला होता. एकही शर्यत त्यानं अजून जिंकली नव्हती. उद्या जिंकणार होता, आणि त्याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती.

प्रश्न पाटीचा होता.

त्या काळी इटलीतल्या संघांत एक रीत होती. संघाच्या म्होरक्याची गाडी मध्येच बंद पडली, की दुसऱ्या चालकाला रस्त्याकडेनं पाटी दाखवून आत, दुरुस्तीच्या थांब्यावर, बोलवायचं. त्यानं उतरायचं. म्होरक्यानं त्याच्या गाडीत बसून शर्यत पुरी करायची. नियमांत ते बसत होतं. गुण दोघांत अर्धे अर्धे. लोकांच्या तोंडी नाव मात्र एकाचंच राहायचं.

दारिओच्या संघाचा म्होरक्या होता वाल्सेक्की. वय एकेचाळीस. हा त्याचा शेवटचा हंगाम.

"यंदा दोनदा उतरलो मी," दारिओ म्हणाला. "दोन्ही वेळा मी रक्त आटवून गाडी पुढे आणली, आणि दोन्ही वेळा तो बसला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो. एका फोटोत कडेला माझं कोपर आलंय. बाबांनी तो दुकानात लावलाय. गिऱ्हाइकांना कोपर दाखवतात."

"चांगलं आलंय का?"

"थट्टा नको, माएस्त्रो."

"बरं."

"उद्या त्याची गाडी टिकणार नाही. गियरबॉक्स कुरकुरतोय. मेकॅनिकांना माहीत आहे, त्याला माहीत आहे, संघाच्या मालकांना माहीत आहे. मी पुढे असेन. आणि ते पाटी काढतील."

"मालक काय म्हणतात?"

"पाटी बघूनही थांबलो नाही, तर पुढल्या वर्षी दुसरीकडे काम शोध, म्हणतात. दुसरीकडे म्हणजे कुठे? ट्रकवर?"

"ट्रक वाईट नसतो. डोक्यावर छप्पर असतं."

दारिओ हसला नाही.

"तुम्ही 'थांबू नकोस' म्हणालात, तर मी थांबणार नाही."

"आणि 'थांब' म्हणालो तर?"

"तर मी विचारीन, का."

"म्हणजे ठरवून आलायस. तुला साक्षीदार हवाय."

ते खरं होतं.

साक्षीदार म्हणून त्यानं तासिनारीलाच निवडलं, याला कारण होतं.

तासिनारी एका टांगेवाल्याचा मुलगा. पहिली गाडी चालवली ती धुण्यासाठी नेताना. मग मेकॅनिक म्हणून चालकाच्या शेजारी बसून त्यानं अर्धी इटली पालथी घातली. मग स्वतः चालक झाला. सिसिलीच्या डोंगरातली शर्यत त्यानं जिंकली तेव्हा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. पुढे पावसातल्या एका अपघातात उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण नीट नाही. युद्ध आलं, शर्यती थांबल्या. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या पायाला पेडल दाबवेना. तेव्हापासून तो या टेकडीवर राहत होता. अंजीर, शेंगा, दोन कोंबड्या. तरुण चालक त्याला भेटायला येत, 'माएस्त्रो', म्हणजे गुरुजी, म्हणत. तो त्यांना शेंगा सोलायला लावी.

पण लोक त्याला ओळखत ते एकाच गोष्टीवरून. युद्धाच्या आदल्या वर्षी, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत, सगळ्यांच्या पुढे असताना तो आत येऊन थांबला. उतरला. आपली गाडी संघाच्या म्होरक्याला, रावेल्लीला दिली. ती शर्यत रावेल्ली जिंकला.

फाएन्झाच्या कॉफीच्या दुकानात यावर दोन मतं होती. काही म्हणत, तासिनारी संत. काही म्हणत, तासिनारी गाढव. पाटी पाहिली आणि थांबला, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

दारिओला दोन्ही मतांचा राग यायचा. हुकूम आला म्हणून झुकणाऱ्याला संत कसलं म्हणायचं? आणि ज्यानं भाजलेल्या हातानं डोंगर जिंकला, त्याला गाढव म्हणायची यांची लायकी काय?

"उद्याच्या वाटेवरचं ते गिरणीचं वळण कुठल्या गियरमध्ये घेतोस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तिसऱ्या." दारिओ ताठ झाला. "बाकीचे दुसऱ्यात घेतात. तिथेच मी त्यांना मागे टाकतो."

"तू एकटाच तिसऱ्यात?"

"मी आणि वाल्सेक्की."

"शिकलास कुठे?"

दारिओनं पायाजवळचा एक खडा उचलला. कोंबडीच्या दिशेनं भिरकावला. कोंबडी हलली नाही.

"...त्यानंच दाखवलं. बोलोन्यात, एका खानावळीत. टेबलावरच्या कापडावर काट्यानं रेघ ओढून. आत कुठून शिरायचं, गाडी कुठे मोकळी सोडायची."

"कधी?"

"मी संघात आलो त्याच आठवड्यात. कापड फाटलं. खानावळवाली त्याच्या अंगावर धावून आली."

"मग?"

"त्यानं ते कापड विकत घेतलं. घडी करून मला दिलं."

"आहे अजून?"

"आईच्या कपाटात."

"धुतलं?"

"नाही."

म्हाताऱ्यानं पुढची शेंग सोलली.

"त्यानं एक वळण शिकवलं," दारिओ एकदम म्हणाला, "म्हणून जन्मभर त्याच्यासाठी उतरत राहायचं?"

"मी असं म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. पण..."

"मी गियर विचारला."

"तुम्ही कधीच सरळ विचारत नाही. मग मीच सरळ विचारतो. त्या दिवशी पाटी बघितल्यावर तुमच्या मनात काय आलं?"

"कुठली पाटी?"

"कुठली म्हणजे? रावेल्लीसाठी तुम्हाला आत बोलावलं ती."

म्हाताऱ्यानं शेंग डोळ्यांजवळ नेली. किडकी निघाली. त्यानं ती कोंबड्यांना टाकली.

"तसली पाटी मला आठवत नाही."

वय झालं, दारिओला वाटलं. त्याला वाईट वाटलं आणि रागही आला. इथवर येऊन काय मिळवलं? उद्या सकाळी गाडी सुरू करायची होती, आणि हा माणूस शेंगांत बोटं घालून बसलाय...

बसलाय?

दारिओनं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तासिनारी बसलेला नव्हता. दारिओ आला तेव्हापासून तो उभाच होता. उजवा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला. डाव्या हाताची भाजलेली बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेली. वरच्या ओठावर घाम. सावलीत, वारा असताना.

अंगणात दुसरी खुर्ची नव्हती. बाक नव्हता. उलटी घालून बसावं अशी बादलीसुद्धा नव्हती. दारिओनं मागे हात नेला. मघापासून खांद्याला टोचत होती ती वस्तू हाताला लागली. खुर्चीच्या पाठीला अडकवलेली काठी होती. मूठ झिजून गुळगुळीत झालेली.

तो ताडकन उठला.

"माएस्त्रो, ही तुमची खुर्ची."

"हो."

"मग सांगायचं नाही का?"

"मीच तर म्हणालो, बस."

"पण तुमचा पाय..."

"पाय माझाच आहे. मला माहीत आहे तो."

"दोन शब्द बोलला असतात. ऊठ म्हणाला असतात तर मी काय उठलो नसतो?"

"उठला असतास?"

दारिओ प्रामाणिकपणे म्हणाला, "उठलो असतो. मनात शिव्या देत."

आता म्हातारा हसला. मोकळं हसला.

खुर्ची दोघांच्या मध्ये रिकामी होती. दोघंही उभे. वाऱ्यानं अंजिराचं एक पान तिच्यावर पडलं.

दारिओनं खुर्चीकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे.

"त्या दिवशी..." तो सावकाश म्हणाला, "पाटी नव्हतीच?"

"होती ना. 'पुढे चल' म्हणत होती."

"काय?"

"आमचे मालक स्वतः हातात धरून उभे होते. रावेल्लीचं इंजिन गेलं होतं. गाडी बदलण्यात वेळ जाईल, हातची शर्यत निसटेल, असा त्यांचा हिशेब. प्रत्येक फेरीला मला तीच पाटी. चल. चल."

"आणि तुम्ही थांबलात?"

"रावेल्ली थांब्याच्या भिंतीवर बसला होता. हेल्मेट मांडीवर. मी समोरून गेलो तेव्हा त्यानं गाडीकडे पाहिलं नाही. तो रस्त्याकडे बघत होता. पुढे, वळणाकडे. गाडी चालवताना माणूस जसा बघतो, तसा."

"मग?"

"पुढच्या फेरीला आत आलो."

"मालक?"

"वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी."

"संघ जिंकला तरी?"

"हुकूम मोडलेला मालकांना आवडत नाही. मोडून जिंकलं तर मुळीच नाही."

दारिओला हसू फुटलं. आवरेना. सगळं फाएन्झा वीस वर्षं भांडत होतं, संत की गाढव, आणि हा माणूस तर बंडखोर निघाला. हे त्याला आवडलं. इतकं आवडलं, की पुढचा प्रश्न सुचायला जरा वेळ लागला.

"पण का, माएस्त्रो?"

तासिनारीनं नवी शेंग घेतली. अंगठ्यानं उघडली. दाणे वाडग्यात पडले...



दारिओ टेबलाला वळसा घालून गेला. त्यानं म्हाताऱ्याच्या कोपराखाली हात दिला. तासिनारीनं नको म्हटलं नाही. दोघं खुर्चीपर्यंत आले. बसताना म्हाताऱ्याच्या तोंडून एक आवाज निघाला, लहानसा, आणि लगेच विरला. दारिओनं काठी त्याच्या हाताशी ठेवली. शेंगांची टोपली उचलून मांडीवर दिली. वाडगं जवळ आणलं.

मग सरळ उभा राहून म्हणाला, "उद्या त्यांनी थांबायची पाटी दाखवली, तर मी थांबणार नाही."

"नको थांबूस."

"काय वाटेल ते होवो. संघ गेला तरी चालेल."

"चालेल."

"गाडी माझी आहे."

"तुझीच."

"मी जिंकणार आहे, माएस्त्रो."

"जिंकशील. तुझ्याइतका वेगवान उद्या कुणी नाही."

दारिओचा चेहरा उजळला. हेच ऐकायला तो आला होता. त्यानं वाकून म्हाताऱ्याचा भाजलेला हात दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि झपाझप निघाला. अंगण ओलांडलं. कोंबड्या बाजूला झाल्या. फाटकाची कडी काढली.

"दारिओ."

तो वळला.

म्हातारा अंजिराखाली, आपल्या खुर्चीत, आरामात बसला होता. शेंगेवरची नजर त्यानं उचलली नव्हती.

"आणि नाही दाखवली तर?"