बादलीतला निळा मासा

“…पण मग कोणता मासा कोणाला मारत नाही, एवढं तरी सांगाल की नाही, फादर?”

हा प्रश्न चौबळ सरांनी पायातल्या वहाणा काढायच्या आधीच विचारला, की खुर्चीत बसून पाणी प्यायल्यावर, याची त्यांना आज खात्री देता येत नाही. म्हातारपणी माणूस आपल्या आठवणींना इस्त्री करत बसतो, हे ते जाणून आहेत. कदाचित आपण इतकं तोडून विचारलंही नसेल, असं त्यांना अधूनमधून वाटतं. पण त्यावर फादर इनास तुस्कानो हसले होते, एवढं नक्की.

“आधी बसा तरी,” फादर म्हणाले. “मासे कुठे पळून जातायत?”

वसईच्या एका केळीच्या वाडीत, थकलेल्या धर्मगुरूंसाठी बांधलेलं ते बैठं घर होतं. पडवीच्या कोपऱ्यात काचेची भली मोठी टाकी. फादरांची उमेदीची वर्षं आफ्रिकेत, मलावी सरोवराच्या काठच्या एका चर्चमध्ये गेली होती. त्या सरोवरातले रंगीत सिक्लिड मासे पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं सरांना ठाण्याच्या मासेवाल्याने सांगितलं होतं. सरांनी फोन करून निरोप ठेवला. फादरांनी उलट फोन करून शनिवारची सकाळ दिली.

सरांची हयात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती.

“पाणी मी स्वतः तपासतो,” ते म्हणाले. “पाण्यात काडीचा दोष नाही.”

“नसणारच.”

“टाकी मोठी आहे. खाणं वेळेवर. पंप नवा.”

“छान.”

“तरी मरतात! सकाळी उठून बघावं तर एक तरंगतोय. शेपटी कुरतडलेली…”

फादरांनी आपली खुर्ची जवळ ओढली. तेव्हा सरांना पुढचं सांगावंच लागलं.

त्यांच्या पत्नीला, कुंदाताईंना, आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा थोडी परतली, पण एकेक शब्द खोल विहिरीतून ओढून काढावा तशी. त्यांच्या पलंगासमोर सरांनी ही टाकी आणून ठेवली. सुरुवातीला त्या दिवसभर तिच्याकडे बघत. मग मासे मरू लागले. एकच मासा उरला त्या दिवशी कुंदाताईंनी टाकीवर पडदा ओढायची खूण केली आणि कूस बदलली.

“तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून असते.”

“भिंतीकडे…” फादर म्हणाले.

“टाकीत आता एकच निळा उरलाय. बाकी सगळ्यांना त्यानेच मारलं. मला घरात रंग हवाय, फादर. पण भांडण न करणारा रंग. पुन्हा एक जरी मासा मेला ना, तरी ती कायमची भिंतीकडेच…”



“त्या काय म्हणतात?”

“कोण?”

“बाई.”

“तिला निळा आवडतो.”

“असं त्या म्हणाल्या?”

“पहिल्यापासून आवडतो. साड्या निळ्याच असायच्या. आता बोलायला त्रास होतो हो तिला. शब्द सापडत नाही, मग ओठ थरथरायला लागतात. मला बघवत नाही. मीच पटकन शब्द सांगून टाकतो. ती मान हलवते.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टर म्हणतात, त्यांना बोलू द्या.” सरांनी हात उडवला. “डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.”

फादरांनी पडवीच्या खांबावर चढणाऱ्या मुंगळ्याकडे पाहिलं.

“मासे कोणते आणले होतेत?”

“सगळे निळे. बरेचसे एकाच जातीचे, आणि बाकीचे त्यांच्यासारखेच दिसणारे. एकमेकांना परके वाटू नयेत म्हणून.”

फादर इतके हसले की त्यांना खोकला आला.

“सर, परक्याशी कोण भांडतं? तुम्ही कॉलेजात जन्मभर कोणाशी भांडलात? इतिहासवाल्यांशी?”

“नाही…” सर म्हणाले. “रसायनशास्त्राच्याच शिंत्र्यांशी.”

“बघा.”

सरांना हे आवडलं नाही. शिंत्र्यांचा विषय निघाला की त्यांना अजूनही आवडत नाही.

“एक मेला की त्याच्या जागी नवा सोडलात. सोडण्याआधी दगड हलवलेत?”

“दगड कशाला हलवायचे? कुंदाला त्या मांडणीची सवय झाली होती.”

“माशांनाही झाली होती. एकेका दगडाला मालक होता. नवा आला तो चोर ठरला.”

“हे कुठेच लिहिलेलं नाही.”

“तळ्यात कोण लिहिणार?”

सर उसळून म्हणाले, “फादर, मला कोडी घालू नका. नावं सांगा. कोणाचं कोणाबरोबर जमतं, तेवढं कळलं की मी निघतो. दुपारची एसटी गाठायचीय. घरी ती एकटी आहे.”

“अगदी एकटी?”

“म्हणजे… दिवसाची बाई आहे, शेवंताबाई. पण मी नाही.”

“किती दिवसांनी बाहेर पडलात?”

“इतक्या वेळासाठी म्हणाल, तर ती आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच,” सर म्हणाले, आणि म्हणताना त्यांना थोडा अभिमानही वाटला.

फादर उठले आणि टाकीपाशी जाऊन उभे राहिले. आल्यापासून सरांनी त्या टाकीकडे धड पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. मधोमध एक मासा फिरत होता, मोरचुदासारखा निळा, डोळे दिपावेत असा. बाकीचे सगळे राखेच्या रंगाचे. कोपऱ्यांना आणि दगडांना चिकटून, परीक्षेत मागच्या बाकावर बसलेल्या पोरांसारखे.

सरांची निराशा झाली. एवढ्या लांब येऊन हे?

“रागावू नका,” ते म्हणाले, “पण तुमच्याकडेही रंगीत एकच आहे.”

“एकच? हे सगळे निळे आहेत.”

“कुठे निळे? या माद्या असतील.”

“माद्या आहेत थोड्या. पण हा नर, हा नर, तो दगडामागचा नर. निळेच आहेत.”

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मासे राखेचेच राहिले.

फादरांनी खुंटीवरचं जाळं घेतलं. हात पाण्यात घातला तो इतका सावकाश, की पाणी हललंसुद्धा नाही. मग एकदम हिसका. झगमगता निळा मासा जाळ्यात, जाळ्यातून पाण्याच्या बादलीत. बादलीवर त्यांनी एक ताटली ठेवली.

“आता?”

“आता बघत बसा. मी जरा आत जाऊन येतो.”

“किती वेळ?”

“आणि एक करा. बोलू नका.”

“माशांना ऐकू येतं?”

“तुम्हाला येतं.”

फादर आत गेले.

सर बसले. दगडामागे काही हालचाल नव्हती. पंपाचे बुडबुडे तेवढे वर जात होते. सरांच्या मनात आलं, या टाकीतलं पाणी किती जड, किती क्षारांचं असेल? विचारायला त्यांनी तोंड उघडलं. विचारणार कोणाला? तोंड मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. आपण रिकाम्या पडवीतही बोलतो, हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

फादरांचा पत्ता नव्हता.

मग दगडामागचा राखेचा मासा बाहेर आला. अर्धा आला, थांबला, मागे गेला. पुन्हा आला. निळा जिथे फिरत असे तिथे जाऊन उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी अंगावर आलं नाही.

आणि त्याच्या गालावर काहीतरी झालं.

सरांना आधी उन्हाची तिरीप वाटली. मग कळलं, ऊन पडवीत आलेलंच नाही. परीक्षानळीत थेंब पडावा आणि द्रावण तळापासून रंग बदलू लागावं, तशी एक निळी झाक त्या माशाच्या चेहऱ्यावर उमटत होती. कल्ल्यापर्यंत आली. परांच्या कडांवर आली. असे रंग बदलताना सरांनी जन्मभर पाहिले होते. पण दर वेळी नळीत काहीतरी त्यांनी स्वतः घातलेलं असे.

इथे कोणी काही घातलं नव्हतं. उलट काढलं होतं.

फादर हातात केळ्यांची फणी घेऊन परतले.

“फादर! तो… तो बघा!”

“बोललात.”

“तो आजारी होता का?”

“नाही.”

“मग इतके दिवस हा रंग कुठे होता?”

फादरांनी एक केळं सोललं आणि अर्धं मोडून सरांच्या हातात दिलं.

सरांना काहीतरी आठवलं. त्यांनी वाकून बादलीवरची ताटली उचलली. आतला मासा तळाशी गप्प बसला होता. मोरचुदाचा निळा पार उतरला होता.

“अरेरे, हा मरेल!”

“नाही मरणार. राज्य करून दमलाय. बसू दे जरा.”

“याला परत कधी सोडणार?”

“घाई काय आहे? तुम्ही जेवून जा. वालाचं बिरडं केलंय.”

सर सीकेपी. त्यांचा निश्चय तिथेच डळमळला. दुपारची एसटी त्या बिरड्यापायी गेली. मग फादरांना वाडीतली विहीर दाखवायची होती. मग टाकीचा फिल्टर घरच्या घरी कसा करायचा, ते दाखवायचं होतं. सर मधूनमधून म्हणत राहिले, “आता निघायला हवं, ती वाट बघत असेल.” त्यावर फादर म्हणत, “असेल, असेल,” आणि पुढची गोष्ट दाखवायला घेत.

उन्हं कलल्यावर फादर त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. तेव्हा कुठे नावांचा विषय निघाला.

“एकासारखा दुसरा आणू नका,” फादर म्हणाले. “एक पिवळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, एक लालसर. ज्याला त्याला आपला प्रतिस्पर्धी दिसताच कामा नये. दगड सगळे उपसा आणि नव्याने रचा. मग सगळ्यांना एकदम सोडा. सगळेच नवे असले की घरमालक कोण?”

“आणि आमचा निळा?”

“त्यालाही तोवर बादलीत ठेवा. सगळ्यांबरोबर सोडा. पण निळा तेवढा एकच.”

सर घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यातच त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली: उशीर का झाला, काय पाहिलं, आता कोणते मासे आणायचे.

खोलीत शिरले आणि थबकले.

टाकीवरचा पडदा बाजूला होता. कुंदाताई भिंतीकडे पाठ करून, डाव्या हाताने पलंगाची कड धरून, टाकीकडे बघत होत्या.

सरांनी जुळवलेली वाक्यं ओठांपर्यंत आली. का कोण जाणे, ते खुर्ची ओढून नुसतेच बसले.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“पि…”

ओठ थरथरू लागले. सरांच्या जिभेवर शब्द येऊन उभे राहिले. पिण्याचं पाणी? पिशवी? त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाहेर कोणाची तरी शिट्टी झाली कुकरची. एक झाली. दुसरी झाली. त्या वाट पाहण्याइतकं जड काम आपण आयुष्यात केलं नाही, असं सर अजूनही म्हणतात.

“…पिवळा,” कुंदाताई म्हणाल्या. “पिवळा आण.”

सरांनी पिवळा आणला. पट्ट्यांचा आणि लालसरही आणला, दगड उपसले, आणि टाकीत पुन्हा कोणी मेलं नाही असं नाही. पण पडदा पुन्हा ओढला गेला नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. फादर वारले. कुंदाताई सावकाश, पण पूर्ण वाक्यं बोलू लागल्या होत्या. एका दुपारी वाटाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या की तू वसईला गेला होतास ना, त्या दिवशी फादरांचा फोन आला होता. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी मुद्दाम शेवंताबाईंना गाठून खात्री करून घेतली. त्यांनीही तेच सांगितलं. फोन त्यांनीच उचलला होता, आणि ‘बाई बोलत नाहीत’ असं कळवलंही होतं. फादर म्हणाले होते, नाही बोलल्या तरी चालेल, फोन नुसता त्यांच्या कानाला लावा. मग फादरांनी कुंदाताईंना विचारलं, कोणता रंग हवा, आणि पुढे इतका वेळ गप्प राहिले की लाइन तुटली असं कुंदाताईंना वाटलं. कुंदाताईंनी शोधून शोधून एक शब्द दिला. तो फादरांनी ऐकून घेतला. फोन ठेवण्याआधी त्यांनी आणखी एकच गोष्ट विचारली होती, आणि तिला मात्र कुंदाताईंनी लगेच ‘हो’ म्हटलं होतं:

“बाई, सरांना संध्याकाळपर्यंत इथेच ठेवून घेऊ का?”