झुंबी खारीचं लाकडाचं घर

झुंबी खारीचं घर होतं लाकडाचं. चार ओंडक्यांचं, छोटंसं. आत तिची दोन पिल्लं झोपलेली.

एकदा आवाज आला, कुरकुर कुरकुर. दारातल्या ओंडक्याचा तुकडा पडला. भुस्स! आत वाळवी होती. झुंबी घाबरली. पिल्लांना बाहेर नेलं तर घार उचलेल. घरच वाचवायला हवं. करंजाच्या कडू तेलाने वाळवी जाते.

झुंबी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली तेलिणीकडे.
"वाळवी घर खाते. तेल दे."
तेलीण म्हणाली, "करंजाच्या बिया आण, मग तेल देते."

तुरुतुरु तुरुतुरु. करंजाचं झाड आलं.
"वाळवी घर खाते. तेलीण तेल देईना. बिया दे."
करंज म्हणाला, "माकड फांदी हलवेल, मग बिया देतो."

घरात कुरकुर कुरकुर. एक ओंडका पोकळ झाला.

तुरुतुरु तुरुतुरु. माकड भेटलं.
"वाळवी घर खाते. तेलीण तेल देईना. करंज बिया देईना. फांदी हलव."
माकड म्हणालं, "केळं आण, मग फांदी हलवतो."

तुरुतुरु तुरुतुरु. केळीचं झाड सुकलं होतं.
"वाळवी घर खाते. तेलीण तेल देईना. करंज बिया देईना. माकड फांदी हलवेना. केळं दे."
केळ म्हणाली, "पाटाचं पाणी येऊ दे, मग केळं देते."

घरात कुरकुर कुरकुर. दुसरा ओंडका पोकळ झाला. छप्पर कलंडलं.

तुरुतुरु तुरुतुरु. पाटात म्हैस बसली होती. पाणी अडलं होतं.
"वाळवी घर खाते. तेलीण तेल देईना. करंज बिया देईना. माकड फांदी हलवेना. केळ केळं देईना. म्हशीबाई, ऊठ."
म्हैस म्हणाली, "कानात गोचीड चावते. ती काढ, मग उठते."

म्हैस केवढी! झुंबी केवढी! तरी ती शिंगावर चढली. कानात शिरली. गोचीड दातात धरली. एक, दोन, तीन... टुक्! निघाली.

म्हैस उठली. पाणी आलं, झुळझुळ. केळीने केळं दिलं, टप्प. माकडाने फांदी हलवली, सळसळ. करंजाने बिया दिल्या, टपटप टपटप. तेलिणीने घाणा फिरवला, कर्र कर्र. करवंटीभर तेल दिलं.

झुंबी घरी पळाली. सांडू नये म्हणून हळू, पोचावं म्हणून भरभर.

छप्पर वाकलं होतं. पिल्लं रडत होती. झुंबीने वाळवीची माती खरवडली. शेपटी तेलात बुडवली. सगळे ओंडके माखले. भेगा माखल्या. कोपरे माखले.

वाळवी निघाली. रांगेने निघाली. दूर गेली.

झुंबीने ओंडक्याला कान लावला. काहीच आवाज नाही.

तेलकट शेपटीला बिलगून पिल्लं झोपली. मग झुंबीही झोपली.